मोडलेला नवस

महादेव माझ्यावर रुसला आहे, असे मी धरून चालले होते. उजव्या बरगडीखाली कळ उठे, पाठीत शिरे, आणि मी तासन्‌तास तळमळत राही. जेवल्यावर दुखते म्हणून मी जेवणच तोडत गेले. सोमवार, एकादशी, प्रदोष. कळ थांबली की वाटे, देव पावला. साठ सालानंतरची ही गोष्ट. ब्राह्मणपुरीत आमची केळी-कापसाची शेती होती. शेवटी नवस बोलले: नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहीन आणि प्रकाशा गावी तापीत स्नान करून तिथल्या महादेवाला अभिषेक करीन.

सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. तरी हट्टाने नवव्या दिवशी यजमानांसोबत घाट गाठला. पायरीवर बसले ती उठवेना. आपल्या आईच्या अस्थी सोडून एक अनोळखी बाई वर येत होती. ती थबकली. पदराला हात पुसून तिने माझी पापणी खाली ओढली.

"बहीण, तुन्हा डोया पिवया शेतस!" मग यजमानांकडे वळून म्हणाली, "भाऊ, मी धुयाना दवाखानामा नर्स शे. भाडानी जीप उभी शे. हिले आत्तेच लई चाला."

हे घुटमळले. "अभिषेक बाकी शे."

"महादेव आठेच ऱ्हाई. हिना जीव ऱ्हाई का, ते देख."

नवस मोडला तर कोप होईल, न मोडला तर मरण. कळसाकडे पाहून मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा काहीच मागितले नाही. नुसते म्हटले, तू नेशील तिकडे.

धुळ्याला पोचताच शस्त्रक्रिया झाली. नंतर डॉक्टरांनी वाटीत पिवळट खडे दाखवले. पित्तात एक चरबी असते, म्हणाले. पित्तातलेच दुसरे घटक तिला विरघळवून ठेवतात. ते प्रमाण बिघडले की तिचे बारीक स्फटिक होतात, आणि उपासात पित्त पिशवीत साचून राहिले की त्यांचे खडे वाढतात. एक खडा नळीत अडकून पू झाला होता. दुसरा दिवस मी पाहिला नसता.

म्हणजे ज्याला मी भक्ती म्हणत होते, त्यातच माझे दुखणे वाढत होते. मी खूप रडले.

चार दिवसांनी तीच नर्स पेज घेऊन आली. आईचे दिवसही पुरते झाले नव्हते तिचे. चमचा ओठांशी धरून म्हणाली, "खाय, बहीण." मी डोळे मिटले आणि मुकाट्याने तोंड उघडले.