डॉक्टर हाक मारतील म्हणून

कॅम्पातल्या बाजारात पहिला सांगितलेला भाव खरा नसतो, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असावं. उल्हासनगरला तेव्हा आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि बघता बघता तिथे बाजार उभा राहिला. आमच्या जांभूळ गावाहून आई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन तिथे जायची, मागून बाबा भोपळ्यांची कावड घेऊन. आई फुकट द्यायची ती फक्त सडलेली, फेकायचीच वांगी. गिऱ्हाईक निम्म्याला मागायचं, आई मान हलवायची, गिऱ्हाईक चार पावलं पुढे जायचं आणि मग आई त्याला हाक मारायची. आम्ही लुगडं घ्यायला गेलो की हेच उलट. आम्ही चालू लागायचो आणि दुकानदार "माई, सुनो तो सही" करत उंबऱ्यापर्यंत यायचा. हाक आली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

मी लग्न होऊन अंबरनाथला बुवापाड्यात राहत होते. नवरा कारखान्यात कामाला. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्याचं माप मी अजूनही वाकून बघते. त्या वर्षी पितृपक्षात माहेरी गेले तर आई ताटात नुसता मऊ भात घेऊन बसलेली. ठेच्याशिवाय घास न उतरणारी बाई! मला तिथेच शंका आली. तोंड उघड म्हटलं तर उघडेना. शेवटी कंदील जवळ धरून बघितलं. जिथे ती रोज मशेरी लावून ठेवायची, तिथेच गालाला आतून पांढरट जखम, कडा वर आलेल्या. तुरटी झाली, हळद झाली, गावातल्या म्हातारीचा पाला झाला, असं ती सांगू लागली. किती दिवसांपासून, ते काही सांगेना.

कॅम्पात एका बराकीत एक सिंधी डॉक्टर बसायचे. उंच, वाळलेले, कोट कायम अंगात. मी आणि बाबा आईला त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ बघितलं, मानेला चाचपलं आणि आईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. हे मला बिलकूल आवडलं नाही. दुखणं जिचं तिलाच बाहेर काढून आत काय बोलायचंय?

"यह साधा फोड नाही," ते बाबांना म्हणाले. त्यांचं मराठी हिंदीला टेकून चालायचं. "कॅन्सर वाटतो. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या. रेडियम देतात. अभी छोटा आहे, ठीक होऊ शकतो. देर मत करना."

बाबांनी एकच विचारलं. "किती पडंल?"

डॉक्टरांनी रेडियम, राहणं, खाणं धरून आकडा सांगितला. आमच्या दुभत्या म्हशीच्या किमतीहून थोडा वर. वाड्यात तेव्हा दोन म्हशी होत्या, त्यामुळे आकडा ऐकून कुणाला भोवळ आली नाही. पण पहिला भाव तो पहिला भाव.

"लय होतंय, डाक्टर," बाबा म्हणाले आणि टोपी सारखी करत उठले.

मीही उठले. आईला बाकावरून उठवलं. रस्त्यात बाबा ओठ न हलवता म्हणाले, "हलू चाला. वलून बगू नुको."

आम्ही सायकलच्या दुकानापर्यंत गेलो आणि तिथे काही काम असल्यासारखे उभे राहिलो. डॉक्टर खरंच पायरीवर आले. आमच्याकडे बघितलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आत गेले.

"बगितलास? येतोय वठणीवर," बाबा खुशीत म्हणाले.

आमच्या लेखी सिंधी म्हणजे दुकानदार. सिंधी माणूस नुसता डॉक्टरच असेल, त्याचा आकडा म्हणजे नुसता आकडाच असेल, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टरांना काय वाटलं ते पुढे कळलं. या लोकांनी बाईवर पैसे घालवायचे नाहीत असं ठरवलं, असं त्यांना वाटलं होतं.

मग सुरू झालं थांबणं. दर बाजाराला बाबा मुद्दाम त्या बराकीवरून जायचे, कावड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, म्हणजे डॉक्टरांना दिसावं. डॉक्टर दिसले की बाबा दुसरीकडे बघायचे. तोवर गावात ज्याला त्याला तोंड फुटलं. कुणी म्हणालं, पेशंट पाठवला की डॉक्टरला मुंबईहून वाटा येतो. कुणी म्हणालं, मोठ्या हॉस्पिटलात शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात. माझ्या नवऱ्याने सांगितलं, रेडियम म्हणजे घड्याळाच्या काट्यांना लावतात ते, अंधारात चमकतं. घड्याळाचं औषध आईच्या गालाला? कुठेतरी पाणी मुरतंय, याची माझी खात्रीच पटली. शिवाय डॉक्टरांनी तपासायची फी घेतली नव्हती. जो आज फी सोडतो, तो ती उद्या कुठून काढणार?

बोलताना आता आईला पदर तोंडाशी धरावा लागायचा. दिवाळीत तिने फराळाचं केलं सगळं, चव मात्र मला घ्यायला लावली. गाल बाहेरून दिसण्याइतका सुजला होता. मी घाबरले होते, रागावलेही होते, आणि माझा सगळा राग त्या डॉक्टरवर होता. माणूस मरायला टेकलंय आणि हा अडून बसलाय!

थंडी पडायला लागल्यावर एका सकाळी, मी आईच्या मदतीला आले होते तेव्हा, डॉक्टर स्वतः बाजारात तिच्या पाटीसमोर येऊन उभे राहिले. भाजीला आले असतील. आईचा गाल बघून त्यांची पिशवी हातातून खाली आली.

"ले क्यों नहीं गये?" ते बाबांवर ओरडलेच. "मैंने बोला था ना, देर मत करना!"

बाबा जराही डगमगले नाहीत. "आलाव ना शेवटी? बोला आता. शेवटचा किती?"

डॉक्टरांना कळेना. ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "तुम्ही हाक मारली नाहीत. आम्ही सायकलवाल्यापाशी थांबलो होतो."

त्यांनी पाटीकडे बघितलं, समोरच्या कापडवाल्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. "उठो, माई," एवढंच म्हणाले. "पैसे नंतर. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते आमच्याबरोबर मुंबईला आले. बाबा वाटेत माझ्या कानाशी लागले, "येवढा मागं लागतोय, तवा आनखी उतरंल." मलाही तसंच वाटत होतं. कुठला डॉक्टर आपला दवाखाना बंद ठेवून परक्यासाठी धावतो?

मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर मराठी होते, थोडक्यात बोलणारे. त्यांनी आईचं तोंड बघितलं, मानेवरच्या गाठी दाबून बघितल्या आणि पुन्हा तेच. आईला बाहेर बसवलं. ते आणि आमचे डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले. बाबांनी घसा साफ केला.

"किती पडंल, साहेब?"

"काही नाही," ते म्हणाले. "काही लागणार नाही. घरी न्या त्यांना. दुखेल तेव्हा द्यायला गोळ्या देतो, त्याचेही पैसे नकोत."

बाबांचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगते, उजळला. इतके दिवस ताणून धरलेलं जमलं होतं. दोन्ही हात जोडून ते बाहेर गेले. मी जागची हलले नाही, कारण माझी नजर आमच्या डॉक्टरांकडे गेली होती आणि ते रुमालाने चष्मा पुसत होते, थांबतच नव्हते.

दाराच्या फटीतून मला बाबांचा आवाज ऐकू आला. "गो, सगला सोरलान् त्यांनी. यक पैसा घेत नाय."

आईने तोंडावरचा पदर बाजूला केला. "फुकट?" ती म्हणाली. तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी एकेक शब्द मला स्वच्छ कळला. "इतकी वर्सा बाजारात बसलंव आपुन. मी फुकट कवा काय देतंय, ता ठाव हाय ना तुमाला?"

बाबा तिच्या शेजारी बाकावर बसले. पैशांची पुरचुंडी त्यांच्या मुठीत होती. मी बाहेर आले तेव्हा ते ती तिच्या मांडीवर ठेवत होते, आणि ती परत त्यांच्या हातात देत होती.