लाल चिंधीचं वांगं

मैनाबाईच्या मळ्यातलं वांगं देठापासून काटेरी. तोडणाऱ्याच्या बोटातून रक्त काढल्याशिवाय ते टोपल्यात यायचं नाही. पण तुराट्यांच्या जाळावर भाजून भरीत केलं, की खाणारा भाकरी मोजायचं विसरतो. फवारा म्हणाल तर निंबोळीचं पाणी, नाहीतर चुलीतली राख. दुसरी दवाई त्या झाडांनी पाहिलेली नाही.

हे बी तिनं चोरलेलं आहे आणि ते ती छाती ठोकून सांगते. बावीस वर्षांमागं आठवडी बाजारात माणिकबाई नावाची म्हातारी ही वांगी विकायची. बी मात्र कोणालाच द्यायची नाही. एक दिवस तिच्या पाटीतून एक जून वांगं घरंगळत मैनाबाईच्या पायाशी आलं. मैनाबाईनं ते पदराखाली घातलं, घरी नेऊन चुलीमागं पिकवलं. पुढं माणिकबाई गेली, तिच्या वावरात प्लॉट पडले. आता हे वांगं मैनाबाईपाशीच.

दरसाल ती सगळ्यात देखणं वांगं झाडावरच ठेवते आणि देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधते. चिंधीचं वांगं बियाचं, त्याला हात लावायचा नाही. यंदा डब्यातलं जुनं बी ओल लागून बुरशीनं गेलं होतं, वाचलं तेवढंच पेरलं. झाडं थोडी, हंगाम सरत आलेला, आणि चिंधी एकाच वांग्याला.

अशात रागिणी मळ्यात आली. अकोल्याच्या जठारपेठेत तिचं नवं भाजीचं दुकान.

"मावशी, तुमची वांगी सेंद्रिय आहेत ना?"

"शेंदरी कायची वो माय? चांगली जांभळी हायेत!"

"शेंदरी नाही हो. बिनजहराची."

"मंग तसं सांग ना! जहर फवाराले पैसा कोनापाशी हाय?"

रागिणीनं लाल लोकरीचा गुंडा दिला. तिच्या दुकानाची वांगी ओळखू यावीत म्हणून देठाला लाल धागा बांधायचा. मैनाबाईनं संध्याकाळी निवडून निवडून धागे बांधले आणि नव्या सुनेला, सीमाला बजावलं, "सकाळी मी दूध घालाले जाईन. तू लाल बांधेल सारे तोडजो आन् आटोवाल्यापाशी देजो."

सीमानं अगदी तसंच केलं.

मैनाबाई दूध घालून आली, झाडाशी गेली. तोडलेला देठ अजून ओला होता.

"सीमे! बियाचं वांगं कुठी हाय?"

"आत्याबाई, तुमीच तं म्हनलं, लाल बांधेल सारे."

 आता शिवी द्यायची तर मैनाबाईला ती स्वतःलाच द्यावी लागत होती. ती तिनं दिली, चांगली सणसणीत, आणि चपला घालून रस्त्याला लागली.

"भाकर तं खाऊन जा!"

"भाकर गेली चुलीत! तिकडं कोनी भरीत करून राह्यलं असन त्याचं!"

जठारपेठेत पोचेस्तोवर रागिणीकडची टोपली रिकामी झाली होती.

"चिंधीवालं कोनाले देल्लं वो?"

"ते सगळ्यात आधी गेलं, मावशी. केवढं मोठं होतं! कोणी नेलं ते मात्र आठवत नाही."

मैनाबाई पायरीवर बसली. ते बियाचं होतं आणि दुसरं नव्हतं, एवढं तिनं सांगितलं. रागिणीचा चेहरा उतरला. "मी चांगलं बी आणून देते, मावशी."

"पाकिटातलं? त्याच्या भरतानं माह्या घरचा कुत्रा बी फसत नाई."

तेवढ्यात शकुनताई नावाच्या बाई तरातरा दुकानात शिरल्या. पिशवीतून वांग्याच्या दोन फाका काढून त्यांनी काउंटरवर आपटल्या. एका फाकेच्या देठाला लाल चिंधी लोंबत होती.

"हे घे तुझं सेंद्रिय! भाजायच्या आधी चिरून पाहिलं म्हणून बरं. आत नुसतं बी! इतकं बियाळ वांगं जन्मात पाहिलं नाही मी."

भाजीवालीला याहून मोठी शिवी नाही. मैनाबाई उठली. तिनं नखानं एक बी टोकरून दाताखाली धरलं. कट्‌कन वाजलं. पिवळं, टणक, जून.

"बाई, आजून एकडाव सांगा. कसं निंगालं वांगं?"

"बियाळ!"

"आयकलं का वो रागिणी? बियाळ म्हनते!" मैनाबाईचं तोंड कानापर्यंत फाकलं.

चिंधीचा देठ असलेली फाक तिनं पदरात बांधली आणि शकुनताईंना सारं सांगितलं. शकुनताईंचा आवाज एकदम खाली आला. "मग मलाही चार बिया द्या ना. गच्चीवर लावीन."

"बी मी कोनाले देत नाई," मैनाबाई म्हणाली आणि पायरी उतरली.

"मावशी, दुसरी फाक राहिली!" रागिणी ओरडली.

"राहू दे. पडेल चीज कोनी उचलली, तं त्याले मी काय करू?"

परतीच्या ऑटोत तिला माणिकबाईची पाटी आठवली. बाजाराची ती जागा तर तळहातासारखी सपाट होती. मग वांगं घरंगळलं कसं?

"बुढी लय बेरकी होती," ती ऑटोवाल्याला म्हणाली.

"कोन वो, काकू?"

"तू समोर पाह्य."