दवाखान्याच्या पायरीवरची राबडी

ते प्रकरण आठवलं की आधी मला माझा बूट आठवतो. शीतळाष्टमीच्या सकाळी जयपूरजवळ चाकसूकडच्या एका लहान गावात पंचनाम्याला गेलो आणि रुबाबात पायरी चढताना बूट थेट बाजरी-ताकाच्या थंड राबडीच्या वाटीत घातला. मागे दोन पोलीस शिपाई हसू दाबत उभे. आमचं घराणं साताऱ्याचं, जन्म माझा जयपूरचा. सणावाराचं भान मात्र दोन्हीकडचं नाही.

"खाली बघून चालावं साहेबजी, आज बायका ठेवून जातात," म्हणत एका वृद्ध बाईंनी बुटावर पाणी ओतलं. त्या निवृत्त नर्स, आणि तक्रार त्यांच्याच विरुद्ध होती. गावातल्या ठेकेदाराचं म्हणणं, ही इमारत माझं वडिलोपार्जित घर, नर्सबाई मागच्या खोलीत घुसून बसल्यात. सोबत त्याच्या आईचा लेखी जबाब: लग्न होऊन मी याच घरात आले. खाली अंगठा.

खबऱ्याने मात्र आदल्या दिवशीच कानावर घातलं होतं. "सरजी, घर कसलं? जुना दवाखाना आहे, गावाने वर्गणी काढून बांधलेला. बाई निघाल्या की जेसीबी येणार, मग मॅरेज गार्डन."

"पण राबडी इथे का?" मी नर्सबाईंना विचारलं.

"पूर्वी इथे आम्ही देवीची लस टोचायचो. पोरं वाचली. तेव्हापासून शीतळा माताजीच्या थंड नैवेद्यातला वाटा या पायरीवर येतो."

तेवढ्यात एक म्हातारी ताट घेऊन आली. वाटी ठेवली, बाहेरूनच डोकं टेकलं आणि वळली. शिपाई कुजबुजला, "साहेब, ही तक्रारदाराची आई."

ठाण्यावर मायलेकांना समोर बसवलं. "माँजी, स्वतःच्या घराला कोणी बाहेरून नमस्कार करून परत जातं का?"

"अम्मा, तुम चुप रहो," ठेकेदार म्हणाला.

"तू चुप रह. तुला मांडीवर दाबून धरून तिथे लस मीच टोचवून घेतली. टोचली त्याच बाईने. आणि माझा अंगठा तू रेशनचं काम सांगून घेतलास."

चोर मी पुष्कळ पाहिले. पण ज्या पायरीवर आपला जीव राखला गेला तीच गिळायची, आणि त्यासाठी आईचा अंगठा फसवून घ्यायचा, याचा संताप अजून उतरलेला नाही. गावातल्या प्रतिष्ठितांचाही येतो. साक्षीला बोलावलं तेव्हा एकालाही तो दवाखाना आठवेना, आणि पायरीवर वाट्या त्यांच्याच घरच्या.

गुन्हा उलट ठेकेदारावर दाखल झाला. नर्सबाई खोलीतच राहिल्या. तेव्हापासून माणूस जबाबात काय लिहून देतो ते वाचण्याआधी सणाला तो कुठे वाकतो, ते मी बघत आलो.

त्या दिवशी संध्याकाळी जयपूरला तिलक नगरच्या घरी हे सगळं बायकोला सांगितलं, अर्थात मिशीला पीळ देत. ती पोळी लाटायची थांबली.

"ते छान झालं. पण अहो, मुलाला तोंडावर खोटं पाडून ती माउली ठाण्यातून कुठल्या घरी गेली, ते विचारलंत का?"