मधल्याला क्ष धर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला सांगायला बसलेय खरी — पण सुरुवात कुठून करू?

तारापूरला वीज केंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा मी पालघरला नववीत होते. माझ्या बाकावर यमुना बसायची. एडवणच्या कोळ्याची मुलगी. पालघरला मासळी विकणाऱ्या मावशीकडे राहायची. मला शाब्दिक उदाहरणांची धास्ती. तीन क्रमवार सम संख्यांची बेरीज अठ्ठ्याहत्तर, तर त्या संख्या कोणत्या — आकडेमोड जमायची, पण समीकरण मांडायचं कसं? सर क्ष, क्ष अधिक दोन, क्ष अधिक चार असं मांडायचे. मी कुठेतरी घसरायचेच.

यमुना म्हणाली, "अगं, मधल्याला क्ष धर. एक दोननं कमी, एक दोननं जास्ती. ते दोन उडूनच जातात. तीन क्ष उरतात."

सव्वीस! चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. इतकं सोपं — मला हसूच आलं.

सहामाहीत तसलंच उदाहरण आलं. दोघींची मांडणी सारखी, सरांनी न शिकवलेली. त्यांनी आम्हाला वर्गापुढे उभं केलं. कुणी कुणाचं पाहिलं?

"सर, मी नाय पायलं. मीच तिला शिकवलंय," यमुना म्हणाली.

वर्ग हसला. सरही हसले. मग माझ्याकडे वळले — माझ्या वडिलांचे ते स्नेही, आमच्या वाडीतली केळी त्यांच्या घरी जायची. "खरं का गं?"

भ्याले होते का मी? थोडी. पण कोळ्याच्या पोरीकडून शिकले म्हणून ते हसू माझ्यावर वळेल, ही लाज जास्त होती. आणि — हुशार म्हणवून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "नाही सर. मला घरी सुचलं."

यमुनेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नीट ऐकू आलं नसावं, तसं. सरांनी तिला शून्य दिलं, मावशीला बोलावून घेतलं. दिवाळीनंतर ती आलीच नाही. एडवणला मासळी सुकवायला लागली, असं कळलं. एडवण काही फार लांब नव्हतं. मी गेले नाही.

पुढे मी बोईसरला गणित शिकवू लागले. ती मांडणी दरवर्षी फळ्यावर लिहिली. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्या वर्गात मला दरडावणारं कुणी नव्हतं. हसणारंही कुणी नव्हतं.

"असंच सुचलं," मी म्हणाले.