मगजीखालचा डाग
इस्त्रीखाली कापड करपलं की त्या वासाबरोबर मला कोरीट गावातली आमची ओसरी आठवते. मोठी बहीण तिथे बसून, वारलेल्या आईच्या विलायती लुगड्याचा घागरा शिवत होती. स्वतःच्या लग्नाचे सगळे कपडे तिने असेच घरी, हाताने शिवले होते. चौकात विलायती कापडाची होळी पेटली होती आणि अहिंसेवरचं भाषण संपवून काका आमच्याकडे आणखी कापड न्यायला आले. "दे तो घाघरा, विलायती शे." "काका, तुमना कोट बी विलायतीच शे. पहिले तो टाका." काकांनी तिच्या थोबाडीत मारली, वेणी धरून तिला ओसरीभर फरफटवलं आणि दुसऱ्या हाताने घागरा ओढला. तिने कात्री त्यांच्या त्या हातात खुपसली. काकांची पकड सुटली, पण घागऱ्याच्या कडेवर रक्त सांडलं. फुटलेल्या ओठाने ती पुन्हा शिवायला बसली. संध्याकाळच्या सभेत काकांनी पट्टी बांधलेला हात उंच केला. "पोलिसनी लाठी लागनी," ते म्हणाले, आणि लोकांनी त्यांना हार घातला. बहिणीने डागावर लाल कापडाची रुंद मगजी लावली आणि तोच घागरा नेसून ती बोहल्यावर चढली. काकांचा हात उंचावलेला फोटो आज गावच्या शाळेत टांगलेला आहे. घागरा माझ्या ट्रंकेत आहे, आणि मगजीची शिलाई अजून पक्की आहे.