सिदूची झांपोन्या

अंगात येणाऱ्यांना मी तोंडावर हसायचो. आमच्या माण तालुक्यात अशा माणसांना तोटा नव्हता. त्यात पलटणीत राहून, माणूस किती साधेपणानं मरतो ते बघून आल्यावर तर भूत, आत्मा हे शब्दच मला पोरकट वाटायचे. आज वय पंच्याऐंशीच्या पुढं आहे, नजर गेली आहे, म्हणून नात टाइप करतेय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आम्ही दोघं भाऊ, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीतले मेंढपाळ. धाकटा सिदू फौजेत यायला तयार नव्हता. "पोटभर खायला मिळतंय, चल गड्या" म्हणत मीच त्याला नेलं... आई नको म्हणत असताना.

१९४४ साली आमची कंपनी इटलीच्या डोंगरातल्या एका खेड्यात विश्रांतीला थांबली. तिथं दोनातो नावाचा म्हातारा मेंढपाळ होता. त्याच्या माळ्यावर एक फाटकं वाद्य पडलेलं — झांपोन्या. अख्ख्या शेळीच्या कातड्याची पिशवी, पायाच्या जागी फुंकायची नळी आणि मानेतून निघालेल्या सनईसारख्या लाकडी नळ्या. पूर्वी सणाला मेंढपाळ ती वाजवत दारोदार फिरायचे म्हणे. मग पोरं शहरात गेली, लढाई आली, आणि वाजवणारा हा एकटाच उरला. उंदरांनी पिशवी कुरतडल्यावर त्यानंही नाद सोडला. हे सगळं खाणाखुणांनी कळलेलं, चूकभूल माझी.

सिदूला कातड्याचं काम यायचं. त्यानं ठिगळ लावलं, चरबी चोळून पिशवी मऊ केली. म्हाताऱ्यानं नळ्यांत नव्या पत्त्या बसवल्या. सनईला असते तशीच पत्ती, तिच्याशिवाय आवाजच निघत नाही. ती वाजली त्या दिवशी गल्लीतल्या बायका दारात आल्या. एक आजी हातातलं पीठ तसंच घेऊन आली आणि वाटेतच बसून रडायला लागली. म्हाताऱ्यानं सिदूला एक चाल शिकवली. सिदूची बोटं पाव्यावर बसलेली, चार दिवसांत चाल पाठ!

पुढच्या आठवड्यात सिदू गस्तीवर गेला, सुरुंगावर पाय पडला. पुरायलासुद्धा धड काही मिळालं नाही.

आम्ही निघताना म्हाताऱ्यानं झांपोन्या माझ्या हातात दिली. पण आधी त्यानं सगळ्या पत्त्या उपसून स्वतःच्या खिशात ठेवल्या. का, ते समजलं नाही.

१९४६ ला डिस्चार्ज घेऊन घरी आलो. किटबॅगमधून ती पिशवी काढून आईपुढं ठेवली. आईनं हात लावला नाही.

"पोरगं मागितलं तर कातडं आणलंस व्हय रं?" एवढंच म्हणाली. मी ती खुंटीला टांगली.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार, मी विहिरीवर होतो. घराकडून सूर आला... तीच चाल. बादली टाकून पळालो. वाड्यातल्या मेंढ्या माना वर करून उभ्या, रवंथसुद्धा थांबलेलं. आत आई भिंतीला टेकून बसली होती. आवाज नुकताच थांबला होता.

"आई, कोण आलंतं?"

"सिदू वाजवत व्हता की. तुला बघून थांबला."

आणि तिनं ती चाल गुणगुणून दाखवली — जशीच्या तशी. ती मी घरात कधी गुणगुणलो नव्हतो, शपथेवर सांगतो. खुंटीवरची पिशवी चपटीच होती. पण फुंकायच्या नळीला बोट लावलं, तर ते ओलं झालं. थुंकीनं ओलं.

त्यानंतर ते सूर मला कधीच ऐकू आले नाहीत. आईला मात्र रोज यायचे. दुपार झाली की ती भिंतीला टेकून बसायची, चेहरा सैल पडायचा. मी शेजारी बसून कान देऊन ऐकायचो... काही नाही. भाऊ माझाही होता ना? फौजेत शेवटपर्यंत त्याच्याबरोबर मीच होतो ना? मनात असं काही सलायला लागलं की सांगता येत नाही.

शेवटी मी ती पिशवी घेऊन मिरजेकडच्या एका सनईवाल्याकडं गेलो. त्यानं नळ्या उलटसुलट करून पाहिल्या.

"आवं, यात पत्तीच न्हाई. ही वाजंलच कशी?" तो म्हणाला.

"मग बसवा."

त्यानं बसवल्या. महिनाभर राहून वाजवायला शिकलो. घरी येऊन आईपुढं बसलो आणि सिदूची चाल सबंध वाजवली. वाटलं होतं, आई एकदा तरी माझ्याकडं बघेल.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी बसली, तिसऱ्या दिवशी बसली. आठव्या दिवशी म्हणाली, "आता त्यो येत न्हाई."

मी त्याच क्षणी पत्त्या उपसून चुलीत टाकल्या. उपयोग झाला नाही. दोन वर्षांनी आई गेली, तोवर रोज दुपारी ती भिंतीला टेकून बसायची आणि मेंढ्या खाली मान घालून रवंथ करत राहायच्या.

लोक मला विचारतात, पत्तीशिवाय ती वाजली कशी? मला माहीत नाही. पत्ती बसवल्यावर गप्प का झाली, तेही माहीत नाही. आईनं मात्र मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. माझ्याशी ती पुन्हा बोललीच नाही.