वाढत्या अंगाचा स्कर्ट

शिलाईवालीच्या मुलीचा खालचा जबडा मागे राहिला होता. वरचे दात पुढे, ओठ मिटत नसत, जेवताना पोरगी तोंडावर हात धरी. वर्गात तिला ‘उंदीर’ म्हणत. आईच्या जिवाला त्याचाच घोर.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “उंची झपाट्याने वाढते ना, तेव्हाच जबडाही जोरात वाढतो. नेमकी त्या वेळी प्लेट लावली तर तो पुढे आणता येतो. दर महिन्याला भिंतीशी उभी करून उंची मोजा. वाढ दिसली की लगेच या.”

आता भिंत कशाला? निम्म्या शाळेचे गणवेश हिच्या मशीनवर शिवले जातात. स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला की कळेलच, असं तिने ठरवलं आणि डोळ्यांत तेल घालून स्कर्टाच्या कडेवर नजर ठेवली. कड गुडघ्यालाच राहिली. दोन वर्षं गेली, तेव्हा तिचाच धीर सुटला आणि ती पोरीला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी उंची मोजली, एक्स-रे पाहिला. “अहो, ही केवढी वाढली! वाढीची झेप होऊन गेली की. होतात कुठे?”

घरी येऊन तिने स्कर्ट उलटा केला. वाढत्या अंगासाठी आत ठेवलेली दुमड संपली होती. कापडावर जुन्या घड्यांच्या दोन रेघा होत्या, आणि टाका तिचाच होता. शाळा उघडण्याआधी लांब करायच्या स्कर्टांचा ढीग पडतो. मान वर न करता ती उसवते, सोडते, शिवते, पुढचा ओढते. कुणाचा आहे हे बघतंय कोण?

“मीच टाकायचे गं ढिगात,” पोरगी म्हणाली. “आखूड व्हायचा. तू कामात असायचीस.”

आईला रडूही येईना. बोल लावायचा तरी कुणाला?

डॉक्टरीणबाईंनी तरीही प्लेट दिली. “उंची अजून थोडी वाढली तर जबड्यालाही थोडा वाव आहे. नाहीतर मोठेपणी ऑपरेशन.”

तेव्हापासून रोज सकाळी भिंत, डोक्यावर पट्टी आणि पेन्सिल. रेघ जागची हलेना. पोरगी रोज आईच्या तोंडाकडे बघायची.

परवा रेघ बोटभर वर गेली. तिने पट्टी पुन्हा टेकवून पाहिली. मग नजर खाली गेली. पोरीने टाचा उचलल्या होत्या.

“वाढले ना गं आई?” प्लेटमुळे शब्द जड येत होते.

“हो,” ती म्हणाली. “वाढलीस.”